गुंजेचा पाचवा भाग

पुण्याहून पार्सल आलं तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं.
थर्माकोलच्या डब्यात करंगळीएवढी नळी,
तिच्यावर पेन्सिलीनं: ससा, क्र. ११.
सोबत चिठ्ठी. सोन्याला जोडून द्या, घाई आहे.

कशावरचं प्रतिपिंड, ते आम्ही विचारत नाही.
कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याची शेड,
एका बाजूला हळद पॉलिश करणारे ड्रम,
दुसऱ्या बाजूला बोअरचे पाइप,
मधे मी आणि इर्शाद मुजावर.
लोक आपापली प्रतिपिंडं धाडतात,
आम्ही त्यांना खूण लावून परत करतो.
कुणाला हिरवी चमक हवी असते, कुणाला एंझाइम.
याला सोनं.

अण्णा त्याच आठवड्यात लेंगऱ्याहून आलेले,
मिरजेत डोळे दाखवायला.
तेहतीस वर्षं सेलममध्ये गलाई केली,
आकडे अजून तमिळमध्ये मोजतात, पुटपुटत.
बाटलीतलं पिवळं पाणी बघून म्हणाले,
"तेजाबात विरलेलं सोनं हाय हे. मला काय सांगतीस."

ते मी उकळत्या पाण्यात सोडलं, वरून सायट्रेट.
पिवळं गेलं. नुसतं पाणी.
अण्णा खुर्ची ओढून पुढे आले.
मग राखेसारखं काळपट, मग जांभळं,
मग एकाएकी कोकमाच्या सरबतासारखं लाल.
"सोनं, आणि लाल?"
"फार बारीक केलं की होतं, अण्णा."
"आम्ही जन्मभर वितळवून एक केलं.
तू फोडत बसलीयास."

प्रतिपिंड म्हणजे बेचकी.
दोन हात वर, एक पाय खाली.
पाय सोन्यात रुतावा, हात मोकळे राहावेत.
पाय मोडल्याशिवाय जोडाक्षर होत नाही,
हे पाटणे बाईंनी तिसरीत सांगितलेलं.
पण इथे कुणाला धरून उभं करता येत नाही.
पीएच साडेआठला आणायचा, थेंबाथेंबानं,
चुंबक फिरत ठेवायचं.
काही बेचक्या उलट्या चिकटतात. चिकटोत.

दुसऱ्या दिवशी अकराला ससा सोडला.
अकरा वाजून चार मिनिटांनी लालाचं निळं झालं.
मीठ घालून बघायची परीक्षा तर अजून पुढेच होती.
इर्शादनं चिठ्ठी उलटसुलट केली, फोन लावला.
निमकर मॅडम म्हणाल्या,
हो, खाऱ्या बफरमध्येच आहे ते. लिहायचं राहिलं का?

राहिलं.

नळीत निम्मं उरलेलं.
ते पातळ पिशवीत बांधून
फ्रिजमध्ये, जवळजवळ अळणी पाण्यात, लोंबत ठेवलं.
दर चार तासांनी पाणी बदललं.
पहाटेच्या पाण्याला शेजारचे ड्रम बंद होते,
आणि खिडकीच्या गजांवर हळदीची धूळ,
बोट फिरवलं तर ओळ उमटेल इतकी.

या खेपेला लाल लालच राहिलं.
इर्शादनं मोजून मीठ टाकलं
आणि आम्ही दहा मिनिटं काही न बोलता
एका नळीकडे बघत उभे राहिलो.
लाल.
पट्टीवर थेंब चढला, वरची रेघ उमटली.
खालची जागा कोरी. ती कोरीच राहणार,
जे पकडायचं ते आमच्याकडे नाही, पुण्यात आहे,
कुणाच्या तरी रक्तात, किंवा नसेलही.

तोवर अण्णांनी निळी बाटली मागून घेतलेली.
"ह्यात किती?"
"पंचवीस मिलीग्रॅम. टाकायचीच आहे ती."
ओठ हलले, ओन्नु, रेंडु, मूणु.
"गुंजेचा पाचवा भाग. टाकू नगंस.
सेलमला दुकानातली पायपुसणी जाळून
ह्यापरास कमी काढलंय आम्ही."

बाटली टॉवेलात गुंडाळली.
डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं धूसर,
म्हणून इर्शाद एसटीपर्यंत हात धरून गेला.
विट्याच्या गाडीत खिडकीशी बसले,
बाटली मांडीवर,
आणि मुशीला लावावी तशी
लांबूनच दोन बोटं तिला लावून बघत होते,
निवलीय का.